सूर्यघड्याळाच्या चौकातले फुटबॉलवाले

गल्लीत टीम काढायची म्हटलं की पहिलं काम काय? वर्गणी! कुणी वीस रुपये देतं, कुणी दहा, कुणी ‘उद्या देतो’ म्हणून सटकतं. शेवटी ज्याला सगळ्यांत जास्त हौस असते, तो आपला खिसा रिकामा करतो आणि एकदाचा चेंडू येतो.

1886 सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या वुलिच भागात चांगल्या मिशा फुटलेल्या, कमावत्या माणसांनी नेमकं हेच केलं. पंधरा जणांनी सहा-सहा पेन्स काढले. ते पुरेनात, म्हणून डेव्हिड डॅन्सकिन नावाच्या स्कॉटिश कामगारानं पदरचे तीन शिलिंग घातले, असं सांगतात. हिशोब करून बघा. तेव्हा 12 पेन्सांचा एक शिलिंग आणि 20 शिलिंगांचा एक पाउंड. (आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया होता. तेव्हाच्या मुलांची गणितं आपल्यापेक्षा अवघड होती, यात शंका नाही.) सहा पेन्स गुणिले पंधरा, म्हणजे 90 पेन्स, म्हणजे साडेसात शिलिंग. त्यात डॅन्सकिनचे तीन. झाले साडेदहा शिलिंग. अर्धा पाउंड आणि वर थोडी चिल्लर!

एवढ्या भांडवलावर जो क्लब सुरू झाला, त्याचे सामने तुमच्यापैकी काही जण रात्री जागून टीव्हीवर बघत असतील. लाल जर्सी, पांढऱ्या बाह्या, छातीवर तोफ. हो, आर्सेनलच.

पण तेव्हा त्याला आर्सेनल म्हणत नव्हते. टीमचं पहिलं नाव होतं ‘डायल स्क्वेअर’. वुलिचला थेम्स नदीच्या काठी ब्रिटिश सरकारचा तोफा आणि दारूगोळ्याचा अवाढव्य कारखाना होता, रॉयल आर्सेनल. त्याच्या आत एक जुनं वर्कशॉप होतं आणि त्याच्या दारावर 1764 साली बसवलेलं सूर्यघड्याळ होतं. त्या डायलवरून त्या जागेचं नाव डायल स्क्वेअर पडलं. डॅन्सकिन आणि त्याचे दोस्त तिथलेच कामगार, म्हणून टीमही डायल स्क्वेअर.

आता जरा त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू. फुटबॉल कुठे पळून जात नाही.

सूर्यघड्याळाला एकच काटा असतो आणि तो जागचा हलत नाही. हलते ती त्याची सावली. गंमत त्या काट्याच्या कोनात आहे. तो कसाही खुपसून चालत नाही, तो पृथ्वीच्या आसाला समांतर लागतो, म्हणजे त्याचं टोक आकाशात ध्रुवताऱ्याच्या दिशेला हवं. लंडन साधारण साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे, म्हणून तिथला काटा जमिनीच्या पातळीशी साडेएक्कावन्न अंशांचा कोन करतो. पुण्यात तेच घड्याळ करायचं तर कोन साडेअठरा अंशांचाच, म्हणजे काटा जवळजवळ आडवा. लंडनहून सूर्यघड्याळ विकत आणून पुण्याच्या भिंतीवर ठोकलं, तर ते वेळ चुकीची दाखवणार.

दुसरी गंमत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीसमोर उभे राहा. सकाळी सूर्य पूर्वेला, तुमच्या उजव्या हाताला, म्हणून सावली पडते डावीकडे. दुपारी सावली सरळ खाली आणि संध्याकाळी उजवीकडे. डावीकडून खाली, खालून उजवीकडे. म्हणजे लंडनमध्ये अशा भिंतीवर सावली चक्क उलटी फिरते, आपल्या घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध! आणि पुण्यात? मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊनच पडत नाही आणि घड्याळाला चक्क सुट्टी द्यावी लागते. त्या काळाच्या सुरुवातीला आणि शेवटी जे ‘शून्य सावली’चे दोन दिवस येतात, ते तुम्ही शाळेच्या मैदानावर बाटली उभी करून बघितले असतीलच.

चला, आता मैदानावर.

डायल स्क्वेअरची पहिली मॅच झाली 11 डिसेंबर 1886 ला, ईस्टर्न वाँडरर्सविरुद्ध. जागा नदीपलीकडची, आइल ऑफ डॉग्ज. नाव बेटाचं, पण हे खरं बेट नव्हे. थेम्सनं मोठं वळण घेतलंय आणि त्या वळणाच्या पोटात ही जमीन आहे. आणि तिथून समोर, नदीच्या दक्षिण काठावर काय दिसतं? ग्रीनिच! भूगोलाच्या पुस्तकातलं, शून्य रेखांशाचं. ही मॅच व्हायच्या दोनच वर्षं आधी, 1884 साली, वॉशिंग्टनला जमलेल्या देशांनी ठरवलं होतं की जगाचे रेखांश इथून मोजायचे. ती शून्याची रेघ आइल ऑफ डॉग्जच्या अगदी जवळून जाते. म्हणजे आर्सेनलची पहिली मॅच जगाच्या शून्य रेघेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर झाली. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावर एक भला मोठा लाल गोळा आहे. 1833 पासून तो दुपारी बरोबर एक वाजता खांबावरून खाली पडतो आणि नदीतल्या जहाजांवरचे लोक त्यावरून आपली घड्याळं लावत.

डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य चार वाजायच्या आधीच मावळतो. मैदानावर दिवे नाहीत. त्यामुळे शनिवारी दुपारी काम सुटलं की पळापळ करून अंधाराच्या आत दोन्ही हाफ उरकायचे. ‘शनिवारी दुपारी काम सुटलं की’ हे वाक्य सहज लिहिलं, पण फुटबॉलच्या इतिहासात त्याला फार मोल आहे. इंग्लंडमध्ये शनिवारची अर्धी सुट्टी कामगारांच्या पदरात पडायला कायदे व्हावे लागले, बरीच भांडणं व्हावी लागली. ती मिळाली आणि मगच गिरण्यांच्या, रेल्वेच्या, कारखान्यांच्या टीमा पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना तर आठवड्याची रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती लावून धरली म्हणून. रिकामा वेळच नसेल तर खेळणार कधी?

तर ती मॅच. मैदान कसलं होतं? टीमचा सेक्रेटरी एलायजा वॉटकिन्स यानं पुढे आठवण लिहून ठेवली आहे. मैदानाचा आकार नेमका कोणता, हे त्याला सांगताच येईना. बरंचसं मैदान लोकांच्या परसांनी वेढलेलं आणि उरलेल्या बाजूला उघडं गटार. चेंडू तिकडे गेला की काय होत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. चेंडू आणि तो आणायला गेलेला माणूस, दोघंही ओळखू येत नसणार! पण डायल स्क्वेअरनं मॅच जिंकली. सहा विरुद्ध शून्य.

मग नाताळच्या दिवशी सगळे वुलिचच्या ‘रॉयल ओक’ नावाच्या खानावळवजा पबमध्ये जमले आणि टीमला जरा भारदस्त नाव दिलं, रॉयल आर्सेनल. नाव झालं, पण कपडे? एकसारख्या जर्सीला पैसे कुठले! इथे मोठी मदत झाली ती फ्रेड बिअर्ड्सली आणि मॉरिस बेट्स यांची. हे दोघं आधी नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबकडून खेळलेले. बिअर्ड्सली हा गोलकीपर. त्यानं जुन्या दोस्तांना कळवलं आणि फॉरेस्टनं लाल शर्ट पाठवून दिले, बरोबर एक चेंडूही. म्हणून आर्सेनल लाल. समजा, त्यांच्या मित्रांनी निळे शर्ट पाठवले असते तर आज तुमच्या भिंतीवरचं पोस्टर निळं असतं. आणि फॉरेस्टचा लाल रंग तरी कुठून आला? इटलीच्या गॅरिबाल्डीच्या लाल डगलेवाल्या सैनिकांवरून! इटलीतल्या क्रांतीचा रंग नॉटिंगहॅममार्गे तोफांच्या कारखान्यात पोचला, तो असा.

दुसरा जो मॉरिस बेट्स, त्याला लोक ‘लोखंडी डोक्याचा’ म्हणत, कारण तो चेंडू डोक्यानं बिनधास्त मारायचा. यात एवढं काय, असं वाटेल. पण तेव्हाचा चेंडू हातात घेऊन बघा म्हणजे कळेल. बाहेरून जाड कातड्याच्या पट्ट्या शिवलेल्या. एका जागी फट, तिच्यातून आतला फुगा घालायचा, त्यात हवा भरायची आणि मग बुटाला बांधतात तशी चामड्याची नाडी ओवून फट बंद करायची. नाडीची गाठ कपाळावर बसली की कातडी सोलवटलीच. पाऊस पडला तर कातडं पाणी पिऊन फुगायचं आणि दुसऱ्या हाफमध्ये चेंडू चांगलाच जड झालेला असायचा.

आणि तो आतला फुगा! फार पूर्वी तिथे डुकराचं मूत्राशय वापरत. नाकं मुरडू नका, हवा धरून ठेवणारी तेवढी चांगली पिशवी दुसरी मिळत नव्हती. पण प्रत्येक डुकराच्या मूत्राशयाचा आकार निराळा, त्यामुळे प्रत्येक चेंडूही निराळा. शिवाय ते तोंडानं फुगवावं लागे आणि आजारी जनावराचं असेल तर फुगवणाऱ्यालाही आजार व्हायचा. रग्बी गावात रिचर्ड लिंडन नावाचा चांभार असे चेंडू बनवायचा. त्याची बायको रेबेका ती मूत्राशयं फुगवून द्यायची आणि त्यातूनच आजारी पडून ती वारली, असं म्हणतात. लिंडननं मग 1862 च्या सुमारास रबराचा फुगा घातला आणि तो भरायला हातपंप केला. रबर त्याला कामाचं सापडलं ते चार्ल्स गुडइयरमुळे. नुसतं कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. गुडइयरला 1839 मध्ये कळलं की रबर गंधकाबरोबर तापवलं की हा त्रास जातो. का, ते पुढे उमगलं: त्याच्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधल्या जातात. मग ते ताणलं तरी मूळ आकाराला परत येतं. या एका शोधावर सायकलचा टायर चालतो आणि चेंडूही उडतो. 1872 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं चेंडूचा घेर 27 ते 28 इंच ठरवून टाकला, कारण आता एकसारखे चेंडू करणं शक्य झालं होतं. आजही मोठ्यांच्या चेंडूचा घेर तेवढाच असतो. घरच्या चेंडूला सुतळी गुंडाळून मोजा, 68 ते 70 सेंटिमीटर भरतो का बघा.

आता या मंडळींना हवं होतं हक्काचं मैदान. प्लमस्टेड कॉमन नावाचं मोकळं माळरान होतं, पण तिथे घोड्यांवरचा तोफखाना कवायत करायचा. दगडगोटे आणि तोफगाड्यांच्या चाकोऱ्या यांच्यातून चेंडू न्यायचा म्हणजे घोटा मुरगळून घ्यायचा. मग दलदलीच्या कडेची एक जागा घेतली, तिथे आधी डुकरं पाळत. एकदा मॅचच्या दिवशी बघतात तर मैदानात पाणी साठलेलं! ऐन वेळी शेजारच्या मॅनर फील्डवर (पुढे यालाच मॅनर ग्राउंड म्हणू लागले) खेळ हलवला आणि ती जागा लागू पडली. प्रेक्षकांना बसायला बाकं नव्हती, तर लष्कराकडून गाड्या मागून आणल्या आणि त्यावर लोकांना चढवलं. कारखाना तोफांचा असला की असे फायदे होतात.

मॅनर ग्राउंडच्या कडेनं एक उंच बांध गेला होता. खरं तर तो बांध नव्हताच, लंडन शहराचं सांडपाणी वाहून नेणारा प्रचंड नळ होता! 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची इतकी दुर्गंधी सुटली होती की पार्लमेंटमध्ये बसवेना. तेव्हा जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरनं सगळ्या शहराची घाण लांब पूर्वेला नेऊन सोडणारी गटारं बांधली. दक्षिण लंडनचं मुख्य गटार मॅनर ग्राउंडला लागून जायचं. मग काय, त्या नळावर चढून लोक फुकटात मॅच बघायचे! क्लबचे पदाधिकारी कपाळाला हात लावत, पण शहराच्या गटारावर कोण तिकीट लावणार? मला विचाराल तर आर्सेनलच्या सगळ्या इतिहासात हे फुकटे मला सर्वांत जास्त आवडतात.

आणखी एक चकित करणारी गोष्ट याच मैदानाची. 1904 मध्ये इथल्या एका उंच मातीच्या उतारावरच्या प्रेक्षकांच्या जागेला ‘स्पायन कॉप’ म्हटलेलं सापडतं. स्पायन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतली टेकडी. तिथे 1900 च्या जानेवारीत इंग्रज आणि तिथले डच वंशाचे बोअर यांची भयंकर लढाई झाली. वुलिचचे लोक तोफा घडवणारे, त्यांच्या तोंडी ते नाव असणारच. पुढे इंग्लंडभर अशा उतारांना ‘कॉप’ म्हणू लागले, लिव्हरपूलचा तर फार प्रसिद्ध आहे. आणि त्या खऱ्या टेकडीच्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात कोण होते माहीत आहे? तिशीतले वकील, मोहनदास करमचंद गांधी.

इकडे क्लबमध्ये मोठी भानगड चालली होती, पैशांची. टीम चांगली खेळायला लागली की श्रीमंत क्लब तिच्या खेळाडूंवर डोळा ठेवतात, हे तेव्हाही होतं. 1891 च्या जानेवारीत डर्बी काउंटीशी सामना झाला आणि डर्बीवाले रॉयल आर्सेनलच्या दोन खेळाडूंना पगाराचं आमिष दाखवू लागले. आपण हौशी, आपण काय देणार? तेव्हा त्याच वर्षी क्लबनं ठरवलं, आपणही खेळाडूंना पगार द्यायचा. हा ठराव लावून धरणारा जॅक हंबल हा फार भारी माणूस. आईवडील गेल्यावर तो आणि त्याचा भाऊ उत्तरेतल्या डरहॅमकडून कामाच्या शोधात लंडनला आले, तेही पायी. नकाशावर बघा, चारशे किलोमीटरच्या आसपास!

पगारी खेळाडू ठेवणारा हा लंडनमधला पहिलाच क्लब. लंडनच्या फुटबॉल संघटनेला हे अजिबात रुचलं नाही. खेळ हा खेळ म्हणून खेळावा, पैसे कसले घेता, असा सभ्य लोकांचा सूर होता. (पोटापाण्याची चिंता नसली की असं म्हणता येतं.) संघटनेनं त्यांना आपल्या स्पर्धांतून बाहेर काढलं. मग खेळायचं कुणाशी? पगारी क्लबांची फुटबॉल लीग 1888 मध्ये निघाली होती, पण तिचे सगळे क्लब उत्तरेचे आणि मध्य इंग्लंडचे. अखेर 1893 मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये यांना जागा मिळाली. दक्षिण इंग्लंडमधून लीगमध्ये शिरलेला हा पहिला क्लब, आता नाव वुलिच आर्सेनल. मध्यंतरी क्लब दुसऱ्या एका भाड्याच्या मैदानावर खेळत होता. त्याच वर्षी त्या मैदानाच्या मालकानं भाडं वाढवलं, तेव्हा एकेक पाउंडाचे शेअर काढून मॅनर ग्राउंड विकतच घेतलं. शेअर घेणारे बरेचसे कारखान्यातलेच कामगार, आणि मैदान सपाट करायला कुदळ-फावडीही त्यांनीच उचलली. 2 सप्टेंबरला न्यूकॅसल युनायटेडशी लीगमधली पहिली मॅच झाली, 2–2.

पुढची वीस वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात रडारडच जास्त आहे. वुलिच पडलं शहराच्या टोकाला, तिथपर्यंत येणार कोण? 1904 मध्ये क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला खरा, पण तिजोरी रिकामी होत गेली. 1910 मध्ये हेन्री नॉरिस नावाच्या बांधकामवाल्या पुढाऱ्यानं क्लब हातात घेतला. 1912-13 च्या मोसमात 38 सामन्यांत फक्त तीन विजय! तेव्हा नॉरिसनं ठरवलं, नदी ओलांडायची. उत्तर लंडनला हायबरीत, एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजची जागा भाड्यानं घेतली. का? शेजारीच भुयारी रेल्वेचं स्टेशन होतं, गिलेस्पी रोड. जिथे गाडी, तिथे गर्दी, हे नॉरिसला कळलं होतं.

6 सप्टेंबर 1913 ला हायबरीवर पहिली मॅच झाली, तेव्हा स्टेडियम अर्धवटच होतं. जॉर्ज जोबी नावाचा खेळाडू खेळताना जखमी झाला, तर त्याला न्यायला काही साधन नाही! शेवटी दूधवाल्याची गाडी मागून आणली आणि कॅनच्या जागी सेंटर फॉरवर्डला घालून नेलं. सामना मात्र आर्सेनलनं 2–1 जिंकला. वर्षभरात नावातलं ‘वुलिच’ही गळून पडलं.

यानंतर क्लबला हर्बर्ट चॅपमन हा मॅनेजर मिळाला, 1925 मध्ये. या माणसाच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असे. 1928 मध्ये त्यानं खेळाडूंच्या पाठीवर नंबर लावून बघितले. त्याआधी, 22 जानेवारी 1927 ला, बीबीसीनं हायबरीवरूनच फुटबॉलचं पहिलं रेडिओ समालोचन केलं. मॅच न बघता कळणार कशी? म्हणून रेडिओच्या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा छापला, आठ चौकोनांचा. एक माणूस खेळ सांगायचा आणि दुसरा मध्येच चौकोनाचा आकडा पुकारायचा. घरोघरी लोक कागदावर बोट ठेवून ‘चार... सहा... आठ!’ करत मॅच ‘बघत’ होते. येत्या सामन्यात हे करून बघा. टीव्हीकडे पाठ करा, नकाशा काढा आणि बहिणीला आकडे सांगायला लावा.

चॅपमनच्या काळात हायबरीवर एक प्रचंड घड्याळही लागलं. साधं नव्हे, 45 मिनिटांचं! हाफ सुरू झाला की चालू, म्हणजे किती वेळ उरला हे सगळ्या प्रेक्षकांना दिसणार. पण फुटबॉल असोसिएशननं डोळे वटारले. वेळ फक्त रेफरीनं बघायची, हजारो लोक घड्याळ दाखवून त्याच्यावर ओरडायला लागले तर त्याची पत्रास काय राहिली? मग घड्याळाची तबकडी बदलली आणि बारा तासांचं नेहमीचं घड्याळ लावलं. प्रेक्षक काय, मनातल्या मनात वजाबाकी करतच होते.

चॅपमनची सगळ्यांत बेरकी युक्ती मात्र स्टेशनची. त्यानं भुयारी रेल्वेच्या अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला की गिलेस्पी रोड कुणाला माहीत आहे, सगळे उतरतात ते आर्सेनलसाठी, तेव्हा नाव तेच द्या. नाव बदलायचं म्हणजे तिकिटं बदला, नकाशे बदला, पाट्या बदला. पण 1932 मध्ये ते झालं. फुकटात केवढी जाहिरात, सांगा! गाडीत बसलेल्या माणसाला फुटबॉलशी देणंघेणं असो वा नसो, नकाशात क्लबचं नाव वाचावंच लागे. रेल्वेवाल्यांनी फलाटाच्या भिंतीवरच्या टाइल्सना मात्र हात लावला नाही, तेवढा खर्च कोण करणार! तिथे आजही मोठ्या अक्षरांत ‘गिलेस्पी रोड’ लिहिलेलं आहे.